खारातलं भात आणि गिरणीमागचं तूस

(बाहेरकाठा, भरतीचं पाणी, उघाडी)

पेण-अलिबागच्या खाडीकाठी, खारात म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत, हा बाहेरकाठा घातलाय, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारा बांध. पलीकडे भरतीचं पाणी, अलीकडे भाताची खाचरं. ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला झडप आपोआप मिटते. उधाणात या बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, तर एका रात्रीत शेत खारं होतं.

(करपलेली पानं, जवळून)

शेंड्यापासून करपत आलेली ही पानं बघा. मुळांवाटे मिठातलं सोडियम वर चढलंय. पाणी वाचवायला रोप पानावरची रंध्रं मिटून घेतं, मग कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. हरितद्रव्य घटतं. ऊन असूनही अन्न तयार होत नाही. काळा राता, भुरा राता या जुन्या जातींनी हे सोसलं; पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानंही खाराला टिकणाऱ्या जाती दिल्या.

(भातगिरणी, तुसाचा ढीग)

आणि हा गिरणीमागचा ढीग. 100 किलो भाताला 20 किलोंच्या आसपास तूस निघतं. जाळलं तर चारेक किलो राख, आणि त्या राखेत 90 टक्क्यांच्या घरात सिलिका, वाळूत असते तीच. रोपानं हंगामभर जमिनीतून ओढलेली ही सिलिका आपण उकिरड्यावर टाकतो!

(तूस धुणं, भट्टी, पांढरी पूड)

ती रोपाला परत देता यावी म्हणून तूस आधी सौम्य आम्लात धुतात. मग भट्टीत, 600 ते 700 अंशांवर. आच जपावी लागते. फार वाढली तर सिलिकाचे स्फटिक होतात आणि ते सहज विरघळत नाहीत. आच जमली की अशी पांढरी पूड मिळते. तिचे मूळ कण 100 नॅनोमीटरपेक्षा लहान. आपला केस 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. कण जितका बारीक तितका लवकर विरघळतो, आणि भाताची मुळं सिलिका घेतात ती विरघळलेलीच. मुळाच्या सालीत बसून ती सोडियमची वाट अडवते. पानात बसली की पान ताठ राहतं, खालच्या पानांनाही ऊन मिळतं. कुंडीतल्या प्रयोगांत, खाऱ्या पाण्यातही, अशा रोपांचं हरितद्रव्य जास्त टिकलेलं दिसलंय.

पण इतक्या बारीक कणांचा, म्हणजे नॅनोकणांचा, अपायही होऊ शकतो. चांदीचे किंवा झिंक ऑक्साइडचे नॅनोकण जास्त झाले तर मुळं खुंटतात, आणि शेतातलं पाणी शेवटी खाडीतल्या कालवांपर्यंत, म्हणजे शिंपल्यातल्या जिवांपर्यंत जातं. म्हणून सिलिकाच्या कणांचं तेही तपासायला हवं.

(खाचरात लावणी)

म्हणून पुढची चाचणी इथेच, खऱ्या खारात, लावणीपासून कापणीपर्यंत व्हायला हवी. आणि भट्टी या गिरणीच्या आवारात.