चिमणीच्या सावलीतली ऑफिसं

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी साडेनऊला लोअर परळ स्टेशनवर उतरलात, तर जिना चढायचे कष्ट तुम्हाला पडत नाहीत. गर्दीच तुम्हाला उचलून वर नेते. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, पाठीवरची सॅक छातीवर घेतलेली, अशी माणसं सेनापती बापट मार्गाकडे सरकत असतात. तिथे फिनिक्सचा मॉल, त्याला खेटून कमला मिलच्या आवारातली ऑफिसं, आणि पलीकडे गणपतराव कदम मार्गावर पेनिन्सुलाचे काचेचे मनोरे. या भागाला आता 'अप्पर वरळी' म्हणायची टूम आहे. रेल्वेच्या पाटीवर मात्र अजून परळच आहे, तेही लोअर!

फिनिक्स मिल १९०५ सालची. तिची चिमणी मॉलच्या आवारात आजही उभी आहे. तिच्याखाली कॉफीचा कप हातात धरून फोटो काढणाऱ्या पोरांना पाळी, भोंगा, बदली कामगार हे शब्द समजावून सांगावे लागतात. जानेवारी १९८२मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे: मिल बंद पडत गेल्या, आणि प्रश्न उरला त्यांच्या जमिनींचा.

मिलच्या जमिनीचे तीन वाटे करायचे, असं १९९१च्या नियमात होतं: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची करायची, बांधकामाखालची जमीन त्यातून वगळायची. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम ठेवला. मोकळ्या जागांचा वाटा आक्रसला तो इथे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मिलमध्येही हजारो माणसं यायची, तीन पाळ्यांत. तरी रस्ते तुंबत नसत, कारण कामगार राहायचा समोरच्या चाळीत. भोंगा झाला की चप्पल घालून निघायचं, पाच-दहा मिनिटांत खात्यात हजर. आताचा कर्मचारी येतो विरारहून, डोंबिवलीहून, आणि सगळे येतात एकाच तासात. रस्ते मात्र बहुतेक तेच. त्यात डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८मध्ये बंद झाला, तो पुरता खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षं लोकांनी काय वळसे घातले असतील!

एका मनोऱ्यात मी पाहिलं, डबेवाल्याला माणसांच्या लिफ्टमध्ये घेत नाहीत. तो मागच्या मालाच्या लिफ्टसमोर, टोपी सावरत, खुर्च्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत उभा होता. वर बाराव्या मजल्यावर कुणाची तरी भाजी-पोळी निवत होती.

दुपारी एकला मॉलचा फूड कोर्ट परवडत नाही म्हणून हीच कोट-टायवाली मंडळी गल्लीत उतरतात. टपरीवाला न विचारताच म्हणतो, "साहेब, दोन कटिंग ना?"

नमस्कार.