एका धुनेचा संसार

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि जमलेल्या रसिकहो,

'माझे आवडते संगीत' या विषयावर बोलायचे ठरले तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते २००९ सालच्या 'अप' या ॲनिमेशनपटाचे. पिक्सारसाठी पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाच्या संगीतासाठी मायकेल जियाकिनो यांना ऑस्कर, बाफ्टा, गोल्डन ग्लोब आणि ग्रॅमी असे सगळे मोठे सन्मान मिळाले. मला मात्र त्यातल्या एकाच धुनेविषयी बोलायचे आहे, कारण माझ्या मते अख्खा चित्रपट तिने पेलला आहे.

या चित्रपटातली पात्रे गाणी गात नाहीत, त्यामुळे आठवण ठेवायला शब्द नाहीत. लक्षात राहतो तो केवळ सूर. कार्ल आणि एली यांच्या लग्नापासून एलीच्या मृत्यूपर्यंतचा सगळा संसार सुरुवातीच्या काही मिनिटांत, एकाही संवादाशिवाय, आपल्यासमोर उलगडतो. जोडीने घर सजवणे, टेकडीवर पडून ढगांत आकार शोधणे, प्रवासासाठी बरणीत साठवलेले पैसे दर वेळी भलत्याच खर्चासाठी काढावे लागणे, या सगळ्याला दबक्या आवाजाचा ट्रम्पेट आणि व्हायोलिन मोठ्या प्रसन्नपणे साथ करतात. याच दरम्यान येते डॉक्टरांकडचे दृश्य, जिथे आपल्याला मूल होणार नाही हे त्या दोघांना कळते. एखाद्या संगीतकाराने इथे नवी, करुण चाल आणली असती. जियाकिनो यांनी तीच चाल ठेवली, फक्त लय उतरवली आणि एकेक वाद्य बाजूला सारत शेवटी पियानो तेवढा राहू दिला. दुःखाला त्यांनी वेगळे सूर दिले नाहीत, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

ज्यांचे कान बंदिशीवर तयार झाले आहेत त्यांना हे परके वाटणार नाही. एकच मुखडा पुन्हा पुन्हा यावा आणि दर वेळी त्याने काही निराळे सांगावे, हे आपण ऐकत आलेलोच आहोत. ही धून तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये बांधलेली आहे. तिच्याखाली मनातल्या मनात सहा मात्रांचा दादरा ताल धरला, तर 'धा धी ना' वॉल्ट्झच्या एका आवर्तनावर आणि 'धा ती ना' पुढच्यावर पडते, आणि वॉल्ट्झमध्ये नसलेली 'खाली', म्हणजे तालातली बिनवजनाची जागा, तिथे आपोआप तयार होते. त्या खालीमुळे चालीला जो झोका मिळतो, तो मला मूळ वाद्यवृंदातही ऐकू येऊ लागला आहे.

मी ही धून पेटीवर वाजवतो. पहिला, आनंदाचा भाग पेटीवर छान बसतो. शेवटचा भाग मात्र बसत नाही. पियानोचा सूर वाजल्यावर आपसूक विरत जातो, तर पेटीचा सूर भाता चालू असेपर्यंत तसाच भरलेला राहतो आणि पट्टीवरून बोट उचलताच तुटतो. एली गेल्यानंतर कार्ल एकटा घरी परततो तेव्हाची सगळी व्याकुळता त्या विरण्यातच आहे. भात्याचा दाब हळूहळू कमी करून मी तिच्या जवळ जाण्याचा प्रयत्न करतो.

पुढे हजारो फुग्यांच्या बळावर घर जमिनीवरून उचलले जाते तेव्हा हीच धून हलक्या, किणकिणत्या सुरांनी सुरू होऊन पूर्ण वाद्यवृंदाने उसळते. परंतु माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची जागा त्याही पुढची आहे. कोरी राहिली असे समजून मिटून ठेवलेली एलीची वही कार्ल उघडतो आणि त्या पानांवर तिने दोघांच्या साध्यासुध्या सहजीवनाची छायाचित्रे चिकटवलेली त्याला दिसतात. इथे पियानो पुन्हा तीच संथ चाल वाजवतो. आधी जी विरहाची म्हणून ऐकली होती, तीच चाल आता कृतज्ञतेची वाटते.

मध्यंतरानंतर मंडळाचे कलाकार ही धून व्हायोलिन, पेटी आणि तबल्यावर सादर करणार आहेत. तबला सुरुवातीला दादरा धरेल आणि लय उतरल्यावर थांबेल. त्या ठिकाणापासून कृपया व्हायोलिनकडे लक्ष द्यावे, कारण पेटीला जे साधत नाही ते आम्ही त्याच्यावर सोपवले आहे.