झेलंड : बांधाआडचा प्रांत

मंडळी, नेदरलँड्सच्या नकाशात खाली डाव्या कोपऱ्यात, बेल्जियमला चिकटून, समुद्राने कुरतडल्यासारखा एक भाग दिसतो. तो झेलंड प्रांत. वस्ती चार लाखांच्या आत, नगरपालिका 13, राजधानी मिडलबर्ग. प्रांताच्या हद्दीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग निव्वळ पाणी आहे. स्खेल्ड नदीच्या मुखाजवळची ही बेटं आणि द्वीपकल्पं. आपल्या कोकणातली खारबंदिस्ती डोळ्यांपुढे आणा. बांध घालून खाजणातून शेत काढायचं, हेच काम इथे मध्ययुगापासून चाललेलं आहे.

कारभाराबद्दल सांगायचं तर प्रांताची 39 जणांची निवडून आलेली सभा असते आणि अध्यक्षस्थानी राजाचा आयुक्त, जो नेमला जातो. पण माझ्या मते इथली खरी महत्त्वाची संस्था जलमंडळ. बांध, पंप, चर, शेतातल्या पाण्याची पातळी, सगळं त्याच्याकडे. पूर्वी जवळपास प्रत्येक बंदिस्तीचं आपलं मंडळ असे. ती एकत्र होत होत 2011 साली सगळ्या प्रांताचं एकच मंडळ झालं. त्याची निवडणूक वेगळी आणि करही वेगळा, त्यामुळे बांधाच्या पैशाला शाळा-दवाखान्यांच्या पैशाशी झगडावं लागत नाही. हे फार शहाणपणाचं आहे. बरीच वर्षं पूर आला नाही की बांधासाठी खर्च करताना कुठल्याही सरकारचा हात आखडतो.

तरी 1953 टळलं नाही. 31 जानेवारीच्या रात्री वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकदमच आली. लाटा बांधावरून आत ओतल्या, मागच्या उताराची माती धुऊन निघाली आणि कित्येक बांध आतल्या अंगाने ढासळले. देशात 1,836 माणसं गेली, त्यातली जवळजवळ निम्मी झेलंडची.

त्यानंतर डेल्टा योजना आली. खाड्यांची तोंडं धरणांनी बुजवायची, असा बेत होता. ओस्टरस्खेल्डे खाडीची पाळी आली तेव्हा मात्र यर्सेकेचे मच्छीमार उठले. कालवं आणि शिनाण्या या खाण्याच्या शिंपल्यांवर त्या गावाचं पोट. खाडी बंद झाली की भरती-ओहोटी थांबणार, खारं पाणी जाणार आणि धंदा बुडणार. निसर्गप्रेमी त्यांच्या बाजूला आले. उलट, खाडीचं गोडं तळं झालं असतं तर ते शेतकऱ्याला हवंच होतं, कारण त्याच्या बटाट्या-कांद्याखाली खारं पाणी असतं आणि त्यावर तरंगणारा पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर हीच त्याची शिल्लक. दोघांचंही म्हणणं खरं होतं.

1976 साली संसदेने मधली वाट काढली. 65 प्रचंड खांब, त्यांच्यामध्ये 62 पोलादी दारं. एरवी उघडी, आणि पाणी तीन मीटरवर चढणार असा अंदाज आला की बंद. खर्च धरणापेक्षा कितीतरी जास्त झाला. 1986 साली राणी बेआट्रिक्स यांच्या हस्ते उद्घाटन झालं. यर्सेकेचा शिनाण्यांचा लिलाव आजही चालतो. मात्र खांबांमुळे भरतीचा जोर घटला आहे. त्यामुळे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्या हळूहळू झिजताहेत आणि तिथे चरणाऱ्या पाखरांची जागा आक्रसते आहे.

दक्षिणेची वेस्टरस्खेल्डे खाडी तर बुजवताच आली नाही. तिच्यातूनच जहाजं बेल्जियमच्या अँटवर्प बंदराला जातात. तिथे फक्त बांध उंच केले. प्रांताचा मोठा उद्योगही याच काठांवर आहे. उत्तर काठाला व्लिसिंगन, दक्षिण काठाला टेर्नोझनचे रासायनिक कारखाने. टेर्नोझनहून 1827 पासूनचा कालवा बेल्जियमच्या गेंटला जातो. 2018 साली झेलंड आणि गेंटची बंदरं एकाच कंपनीत आली. दोन देशांचं हे सामाईक बंदर मला या प्रांताचं सर्वांत धीट पाऊल वाटतं.

पण शेजाऱ्याशी व्यवहार म्हटला की किंमतही आली. अँटवर्पसाठी खाडी खोल करायची, तर बुडालेल्या निसर्गाची भरपाई हवी. म्हणून 2005 च्या करारात हेडविगे ही बंदिस्ती पुन्हा समुद्राला द्यायचं ठरलं. 1953 ची आठवण असलेल्या प्रांताला बांध आपल्या हातांनी फोडायला सांगितलं जात होतं. सभा झाल्या, खटले झाले, सरकारं डगमगली. शेवटी 2022 च्या शरदात बांध कापला आणि भरतीचं पाणी त्या शेतांत शिरलं.