चरख्यामागचा टिशियन

(दृश्य : चित्राचा खालचा भाग. कॅमेरा जमिनीवरच्या लोकरीवरून हळूहळू वर येतो.)

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार दिएगो वेलाझ्केझ याचं एक चित्र आहे, 'लास इलांदेरास'. म्हणजे सूत कातणाऱ्या बायका. १६५५ ते १६६० च्या दरम्यानचं. समोर पाच बायका कामात गढल्यात. जमिनीवर लोकरीचे पुंजके, त्यांच्यात एक मांजर. डावीकडे डोक्याला पांढरं फडकं बांधलेली म्हातारी चरख्यावर बसलीय. उजवीकडे एक तरुणी आपल्याकडे पाठ करून असारीवरचं सूत गुंडाळतेय. बाह्या वर सारलेल्या, मान उघडी.

त्या चरख्याकडे जरा नीट बघा. चाकाला आऱ्याच नाहीत. एक धूसर चकती, पलीकडचं दिसेल इतकी विरळ, आणि तिच्यावर उजेडाच्या दोन-चार गोल रेघा. चाक इतकं गरगरतंय की आऱ्या डोळ्यांना सापडत नाहीत. कॅमेरा जन्माला यायला अजून जवळपास पावणेदोनशे वर्षं होती. या माणसाने हे नुसत्या नजरेने टिपलं.

(दृश्य : मागचं उजळलेलं दालन.)

आता मागे चला. पायऱ्या चढून वर, उजेडाने भरलेलं दालन. उंची पोशाखातल्या तिघी. शिरस्त्राण घातलेली एक, हात उगारून उभी. तिच्यापुढे एक मुलगी. आणि भिंतभर एक विणलेला पट, टॅपेस्ट्री. त्यात बैल, म्हणजे वेश पालटलेला देवराज झ्यूस, बैलाच्या पाठीवर त्याने पळवलेली राजकन्या युरोपा, वर आभाळात पंखवाली बाळं.

ही रचना वेलाझ्केझची नाही. आधीच्या शतकातल्या व्हेनिसच्या टिशियन या चित्रकाराची आहे. टिशियनने हे युरोपाहरण स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी रंगवलं, १५६२ मध्ये पूर्ण केलं. पुढे फ्लेमिश चित्रकार रुबेन्स माद्रिदला आला, १६२८-२९ मध्ये, आणि त्याने या चित्राची नक्कल केली. तेव्हा वेलाझ्केझ दरबारातला तरुण चित्रकार होता.

मग ते टॅपेस्ट्रीवर कसं आलं? गोष्ट ओव्हिड या रोमन कवीची आहे. अराक्नी, एका रंगाऱ्याची पोर. तिच्या विणकामाची ख्याती एवढी की तिने प्रत्यक्ष अथेनेलाच, विणकामाच्या देवीलाच, पैजेला बोलावलं. देवी आधी म्हातारीच्या वेशात येऊन तिला समजावून गेली. मग दोघी मागावर बसल्या. अराक्नीने विणली देवांनी बायकांशी केलेली कपटं, आणि त्यात पहिली युरोपा. ओव्हिड म्हणतो, त्या कामात खुद्द मत्सरालाही खोट काढता आली नसती. देवीने तो पट फाडला, धोटा पोरीच्या कपाळावर हाणला आणि तिला जाळं विणणारा कोळी किडा करून टाकलं. मागच्या दालनातली शिरस्त्राणवाली ती ही देवी, तिच्यापुढची मुलगी अराक्नी.

१६६४ च्या एका घरगुती यादीत या चित्राची नोंद 'अराक्नीची कथा' अशीच होती. पुढे लोक ते विसरले आणि हे टॅपेस्ट्रीच्या कारखान्याचं दृश्य आहे असंच मानत राहिले. १९४८ मध्ये दिएगो आंगुलो इन्यिगेस या अभ्यासकाने ओव्हिडची गोष्ट पुन्हा उलगडून दाखवली.

माझा जीव अडकतो तो इथे. पुराणात उर्मट ठरलेल्या पोरीच्या हातून वेलाझ्केझने टिशियन विणवून घेतला. त्याच्या मनात टिशियनच्या वर कुणी नव्हतं. आणि हात उगारलाय, पण पट अजून फाटलेला नाही. तो क्षण त्याने तिथेच धरला.

आणि पुढे, आपल्या अगदी जवळ, काय ठेवलं? पिंजणं, कातणं, गुंडाळणं. देवी, टिशियन, सगळे मागे, लहान.

वेलाझ्केझला तेव्हा सांतियागो या सरदारांच्या मानाच्या संघाची सरदारकी हवी होती. हाताच्या कामावर पोट भरणाऱ्याला ती मिळत नसे. म्हणून ओळखीच्या चित्रकारांनी साक्षी दिल्या, की याने कधी विकण्यासाठी चित्र काढलं नाही. १६५९ मध्ये सरदारकी मिळाली. एवढ्या मोठ्या कारागिराला हे वदवून घ्यावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं.

(दृश्य : 'लास मेनिनास'. मागची भिंत, मग डावीकडे चित्रकार.)

त्याचंच १६५६ चं 'लास मेनिनास'. मागच्या भिंतीवर, अंधारात, एक चित्र टांगलंय: अथेना अराक्नीला शिक्षा करतेय. मूळ रुबेन्सचं, नक्कल वेलाझ्केझच्या जावयाची. त्याच दालनात, मोठ्या कॅनव्हासपुढे, वेलाझ्केझ स्वतः उभा आहे. छातीवरचा सांतियागोचा लाल क्रॉस मागाहून रंगवलेला. हातातला ब्रश आधीपासूनचा.