पहाटे सहाला उघडणारा लाल दरवाजा

मंडळी, तारीख 10 जानेवारी, पहाटेचे सहा वाजत आलेत, आणि समोर दिसतोय तो निशिनोमिया देवस्थानचा लाल दरवाजा. जपानमधल्या ओसाका आणि कोबे यांच्या मधलं हे शहर, थंडी म्हणजे बोटं बधिर होतात, तरी दाराबाहेर ही तोबा गर्दी! सहाच्या ठोक्याला दार उघडतं आणि सगळे मुख्य देवळाकडे जीव खाऊन पळत सुटतात, अंतर साधारण 230 मीटर, मधे वळणं, त्यात कोणी घसरून आपटतं पण, आणि पहिले तिघे पोचतात ते त्या वर्षाचे 'फुकुओतोको', भाग्यवान पुरुष. दाराशी सगळ्यात पुढे कोणी उभं राहायचं ते आधीच चिठ्ठ्या टाकून ठरतं.

हा देव एबिसू. हातात गळ, काखेत मोठ्ठा 'ताई' (म्हणजे सी ब्रीम) मासा, तोंडभर हसू. मूळचा कोळ्यांचा, मग व्यापाऱ्यांनीही आपला मानला, जपानभर याची साधारण 3,500 देवळं आहेत त्यांचं मुख्य ठाणं हेच. सात भाग्यदेवतांमधे अस्सल जपानी हा एकटाच, त्यांच्यातच आपली सरस्वती बेंझाइतेन नावाने आहे आणि महाकाल दाइकोकुतेन होऊन बसलाय, काय भारी ना? जुनी कथा अशी की इझानागी-इझानामी या जपानी पुराणातल्या आद्य देव-देवीचं हे अधू बाळ, त्यांनी लव्हाळ्याच्या होडीत घालून समुद्रात सोडलं, ते वाहत वाहत किनाऱ्याला लागलं आणि लोकांनी त्याचा देव केला. ज्याला आईबापाने टाकलं त्याच्याकडेच आज सगळे बरकत मागायला येतात, मला तर हे ऐकून भरूनच आलं.

आता आत या, हा बघा ट्यूना! अख्खा, बर्फासारखा गोठलेला, देवापुढे आडवा ठेवलाय आणि अंगभर नाणी चिकटलीत. समोरच्या आजीबाई बघा, पर्समधून नाणं काढलं, माशाच्या पाठीवर ठेवलं, अंगठ्याने दाबून धरलं, हळूच बोट उचललं, चिकटलं! नाणं चिकटलं की पैसा पण आपल्याला चिकटून राहतो असं मानतात. माझं पहिल्यांदा घसरलं, दुसऱ्यांदा बसलं एकदाचं.

बाहेर बांबूच्या फांद्या मिळतात, त्यांना छोटे मासे, मोहरा असलं काय काय बांधलेलं, ते दुकानात वर्षभर लावायचं आणि पुढच्या जानेवारीत जुनं परत आणून द्यायचं. आज गर्दीत शिरायला जमलं नाही तरी उद्या 11 तारखेला या, उरलेलं भाग्य न्यायला मुद्दाम त्याच दिवशी येणारे पण खूप असतात.