बिग जे परत आला

श्रोतेहो, नमस्कार.

मनिला म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा आठवतो तो मॅगसेसे पुरस्कार. 1958 साली विनोबांना, 1985 साली बाबा आमटे यांना तो मिळाला, आणि त्या शहराचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. त्याच 1985 साली, ऑक्टोबरच्या 22 तारखेला, त्याच महानगरातल्या एका बंदिस्त स्टेडियममध्ये बास्केटबॉलचा एक सामना झाला. त्या रात्रीची गोष्ट फिलिपिन्समधले लोक आजही एकमेकांना सांगतात. ती गोष्ट ज्याची, त्या रॉबर्ट जावोर्स्कीबद्दल, चाहत्यांच्या 'बिग जे'बद्दल, मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. वयाने तो माझ्या वडिलांच्या पिढीतला, पण मनातल्या खेळाडूला आपण मराठीत 'अहो' करत नाही, म्हणून मीही 'तो'च म्हणणार आहे.

आधी त्या देशाबद्दल दोन शब्द. फिलिपिन्सवर अमेरिकेचं राज्य होतं तेव्हा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बास्केटबॉल तिथे पोचला आणि तिथलाच होऊन गेला. लोक उंचीने बेताचेच, आणि खेळ उंच माणसांचा! तरी आपल्याकडे जिथे जागा दिसेल तिथे स्टंप उभे राहतात, तशी तिथे गल्लीच्या तोंडाशी, नारळाच्या झाडाला, मिळेल त्या फळीवर रिंग ठोकलेली असते. पोरं पायात सपाता घालून खेळतात. 1936 च्या ऑलिम्पिकमध्ये हा देश बास्केटबॉलमध्ये पाचवा आला. 1954 च्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवलं. पुढे 1975 साली तिथे आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली, तिला पीबीए म्हणतात.

जावोर्स्कीचा जन्म 1946 चा, बागिओ या डोंगरावरच्या थंड हवेच्या गावातला. वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई फिलिपिनो. आडनाव परकं, पण माणूस त्या मातीतलाच. कॉलेजात त्याला बेबी दालुपान हे नामांकित प्रशिक्षक लाभले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. 1967 मध्ये सेऊलला फिलिपिन्सने आशियाई अजिंक्यपद जिंकलं, त्या संघात तो होता. 1968 मध्ये तो मेक्सिकोच्या ऑलिम्पिकला गेला. खेळायचा गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेऊन डाव रचणाऱ्याच्या, जागी. अंगाने भक्कम, हात मोठे, पास अचूक, आणि धक्काबुक्कीला कधी मागे न हटणारा.

या धक्काबुक्कीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाणं मला पटत नाही. 1971 साली एका सामन्यात पंचांचे निर्णय आपल्याविरुद्ध जातायत असं वाटून जावोर्स्कीने आणि त्याचा सहकारी आल्बेर्तो रेनोसोने पंचांवर हात उचलला. दोन पंचांना मारहाण झाली. दोघांवर तहहयात बंदी आली. ती बंदी योग्यच होती. पंचाला मारणं कुठल्याच रागात बसत नाही, मग तो खेळाडू कितीही लाडका असो. पंचविशीतला, ऑलिम्पिक खेळून आलेला माणूस एका संध्याकाळीत सगळं घालवून बसला.

1973 मध्ये आशियाई स्पर्धा मनिलालाच होती. बंदी उठवली गेली, दोघांना संघात घेतलं, आणि फिलिपिन्सने एकही सामना न गमावता ती स्पर्धा जिंकली. तुम्ही म्हणाल, पदकासाठी नियम वाकवला. तसंही म्हणता येईल, मी वाद घालणार नाही. पण गेलेली जागा त्याला परत मिळाली, आणि पुढची चोवीस वर्षं ती त्याने सोडली नाही.

व्यावसायिक लीगमध्ये तो टोयोटा संघाचा. समोर क्रिस्पा. घराघरात तट पडलेले, नवरा टोयोटाचा तर बायको क्रिस्पाची. 1977 साली एका सामन्यानंतर दोन्ही संघांत हाणामारी झाली. राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, चालू होता. लष्कराने दोन्हीकडच्या खेळाडूंना उचलून फोर्ट बोनिफासिओ या छावणीत नेऊन अडकवलं. 1978 मध्ये जावोर्स्की लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग 1984 च्या सुरुवातीला टोयोटाने संघच बंद केला आणि खेळाडूंसकट दुसऱ्या मालकाकडे सोपवला. जावोर्स्की तिकडे जायला तयार झाला नाही. आपला जुना जोडीदार फ्रान्सिस आर्नाइझ याला घेऊन तो जिनच्या कंपनीच्या संघात गेला. तोच पुढे गिनेब्रा. ही जिन म्हणजे तिथल्या कष्टकऱ्यांची, बंदरावर आणि बाजारात राबणाऱ्यांची स्वस्तातली दारू. संघ तोवर साधाच होता. जावोर्स्की अडतीस वर्षांचा. या वयात बहुतेकांचे गुडघे बोलायला लागलेले असतात. 1985 मध्ये तो खेळाडूही राहिला आणि प्रशिक्षकही झाला.

आता ती रात्र. ठिकाण पासिगमधलं अल्ट्रा स्टेडियम. समोर नॉर्दर्न कन्सॉलिडेटेड सिमेंटचा तगडा, तरुण संघ. खेळ रंगात असताना एका प्रतिस्पर्ध्याचं कोपर जावोर्स्कीच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. शाळेत असताना रिबाऊंड, म्हणजे रिंगवरून परत उडालेला चेंडू, घेताना असं कोपर मी खाल्लेलं आहे. आधी काही कळतच नाही. मग तोंडात ती कोमट, खारट चव येते, जीभ सारखी त्या फटीकडे जाते, आणि दात हलतोय की काय या भीतीने माणूस बोटं तोंडात घालून बघतो. माझा ओठ बर्फावर भागला, तरी मी दोन दिवस पेजेवर होतो. जावोर्स्कीचं तसं नव्हतं. त्याला कोर्टवरून थेट दवाखान्यात नेलं आणि ओठाला नऊ टाके घातले.

इकडे सामना चालूच होता आणि गिनेब्रा बराच मागे पडला होता. प्रशिक्षक नाही, नायकही नाही. आणि खेळ संपायला थोडा वेळ उरला असताना स्टेडियमच्या दारातून तो आत आला. तोंड सुजलेलं, टाके ताजे. अख्खं अल्ट्रा उभं राहिलं. तो बाकावर बसून सूचना देत राहिला असता तरी लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. पण तो कोर्टवर उतरला. पिछाडी भरत गेली आणि गिनेब्राने सामना जिंकला.

श्रोतेहो, एक जिंकलेला सामना म्हणजे काही अजिंक्यपद नव्हे. पहिलं अजिंक्यपद पुढच्या वर्षी, 1986 मध्ये आलं. पण हार न मानणारा संघ ही गिनेब्राची ओळख पक्की झाली ती याच रात्री. 1985 चं मनिला डोळ्यांसमोर आणा. दोन वर्षांपूर्वी मार्कोस यांचे विरोधक निनोय आकिनो यांची विमानतळावरच हत्या झालेली, महागाई वाढलेली, लोक दबलेले. आणि चाळिशीला टेकलेला एक माणूस टाके घातलेल्या ओठाने परत येतो. कष्टकरी माणसाला तो आपला का वाटला, हे मला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आजारपणात सुट्टी घेणं परवडत नाही अशा घरातल्या कुणालाही विचारा.

त्याचं एक भांडण मात्र बरीच वर्षं मिटलं नाही. रामोन फर्नांडिस, टोयोटातला त्याचाच जुना सहकारी, उंच, डौलदार, चार वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. टोयोटा फुटल्यावर दोघं दोन टोकांना गेले. 1989 च्या ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्यात दोघांना ज्येष्ठांच्या संघातून एकत्र खेळावं लागलं. प्रशिक्षक कोण? बेबी दालुपान. शेवटचे काही सेकंद, गुण बरोबरीत. चेंडू रेषेबाहेरून आत द्यायला जावोर्स्की उभा. त्याने तो दिला फर्नांडिसला, आणि फर्नांडिसने बास्केट केलं. सामना जिंकला. मग दालुपान यांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात सुंदर पास हाच. पुढच्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई खेळांसाठी व्यावसायिक खेळाडूंचा राष्ट्रीय संघ पहिल्यांदा उभा राहिला. प्रशिक्षक जावोर्स्की, आणि संघात फर्नांडिस. त्यांनी रौप्यपदक आणलं, सुवर्ण चीनला गेलं.

1991 सालच्या लीगमधल्या पहिल्या स्पर्धेची अंतिम मालिका सात सामन्यांची. शेल या संघाविरुद्ध गिनेब्रा एक-तीन असा मागे, आणखी एक हार की खेळ खलास. त्यांनी पुढचे दोन्ही जिंकले. सातव्या सामन्यात अगदी अखेरच्या क्षणी गिनेब्राचा रूडी डिस्ट्रिटो अंगावर आलेल्या माणसांतून घुसला आणि चेंडू रिंगमध्ये गेला. जावोर्स्की तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा होता आणि अजून खेळाडूंच्या यादीत होता. पन्नाशी उलटेपर्यंत तो त्या यादीत राहिला. शेवटी तो चौथ्या क्वार्टरमध्ये थोडा वेळ उतरायचा. पण गर्दी पहिल्या क्वार्टरपासून त्याच्याच नावाचा पुकारा करत असायची.

1998 मध्ये लोकांनी त्याला देशाच्या सिनेटवर निवडून दिलं. सहा वर्षं तो सिनेटर होता. ते राजकारण हा वेगळा विषय आहे, आज तिकडे जात नाही.

8 जुलै 2012 रोजी गिनेब्राने त्याची जर्सी कायमची निवृत्त केली. तेव्हा तो सहासष्ट वर्षांचा होता. कोर्टवर येऊन तो उभा राहिला आणि लोकांनी पुन्हा तोच पुकारा केला. त्या संघात आता 7 नंबर कुणालाच दिला जात नाही.

नमस्कार.