मानेखालचा हात

(ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका गृहसंकुलात नव्या आणि होऊ घातलेल्या आईबाबांसमोर एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी कार सीटविषयी, म्हणजे गाडीत लहान मुलाला पट्ट्यांनी बांधून बसवायच्या खास आसनाविषयी, दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन.)

नमस्कार. आज आजीआजोबा मंडळी बरीच आली आहेत, ते फार बरं झालं. मला जे सांगायचंय ते सगळ्यात आधी त्यांना पटेल असं मला वाटतं.

आपल्याकडे तान्हं बाळ कुणाच्या हातात द्यायचं झालं की देणारी बाई एक वाक्य बोलतेच, "मानेखाली हात धर हं." बारशाला आलेल्या कॉलेजातल्या मामेभावाला सांगते, पहिल्यांदा बाप झालेल्या मुलालाही सांगते. तीन-चार महिन्यांनी बाळानं मान धरली की फोन करून कळवतो आपण. एवढं आपल्याला त्या मानेचं महत्त्व माहीत आहे. आणि तेच बाळ दवाखान्यातून घरी येताना गाडीत मांडीवर असतं, गाडी माजिवड्याचा पूल उतरत असते, आणि पुढच्या ट्रेलरनं ब्रेक मारला तर त्या मानेचं काय होईल हा विचार गाडीतल्या कुणाच्याच मनात नसतो.

माझ्याही नव्हता. १९९४ साली माझा मुलगा आठ महिन्यांचा होता. मिस्टर गाडी चालवत होते, मी शेजारी पुढे बसलेले, बाळ मांडीवर. पूर्व द्रुतगती मार्गावर तीन हात नाक्याच्या अलीकडे पुढची रिक्षा अचानक थांबली. आमचा वेग फार तर पंचवीस-तीस असेल. मी त्याला दोन्ही हातांनी धरलेलं होतं, अगदी घट्ट, आणि तो माझ्या हातांतून साबणाची वडी निसटावी तसा निसटला. कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. तीन टाके पडले. भुवईवरची ती खूण आजही आहे. मी तेव्हा एमडी होऊन दोन वर्षं प्रॅक्टिस करत होते. रोज आयांना लसीकरणाचं वेळापत्रक लिहून देत होते. पण गाडीत मूल कसं बसवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

ही पिशवी बघा. दहा किलो तांदूळ आहेत. साधारण सव्वा वर्षाच्या मुलाचं वजन. ताई, तुम्ही जरा मांडीवर घेता? जमतंय ना. आता गाडी ताशी ५० किलोमीटरनं चालली आहे आणि समोर धडकून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, असं समजा. तेवढ्या क्षणात ही पिशवी तुमच्या हातांना १४० किलोच्या आसपास जोर लावून ओढेल. पैलवानाच्याही हातात ती राहणार नाही. आणि तुम्ही स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तुमचं सगळं वजन मागून त्या मुलावर येईल. म्हणजे मुलाला वाचवायला घेतलेली आपली मांडीच त्याच्यावर जाऊन आदळते.

मला नेहमी सांगतात, "डॉक्टर, आमच्या घोडबंदरला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जात नाही, कार सीट कशाला?" खरंय, संध्याकाळी कापूरबावडी ते गायमुख किती वेळ लागतो ते मलाही माहीत आहे. पण ताशी ३० वेगानं धडकणं म्हणजे साडेतीन मीटरवरून खाली पडणं. पहिल्या मजल्याची गॅलरी धरा. ५० वेगाला ते जवळजवळ दहा मीटर होतात, म्हणजे तिसरा मजला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीला आपण जाळी लावल्याशिवाय रांगतं मूल आत सोडत नाही. आणि हाच रस्ता पहाटे पाचला मोकळा असतो, तेव्हा कोण तीसनं चालवतं?

आता सीट उलटी का, याकडे येते. म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे आणि पाठ पुढे. दुकानात सीट मिळते, घरी येते, आणि बऱ्याच घरांत पहिल्याच महिन्यात ती सरळ केली जाते. "त्याला बाहेरचं दिसत नाही", "पाय दुमडतात", "रडतो". तिन्ही तक्रारी मी समजू शकते, पण आधी शरीर बघू.

नवजात बाळाच्या लांबीचा चौथा हिस्सा नुसतं डोकं असतं. तुमच्या-माझ्यात ते सातवा-आठवा हिस्सा असतं. एवढं जड डोकं ज्या मानेवर बसलंय, तिचे मणके जन्मतः एकसंध हाड नसतात. एकेक मणका कूर्चेनं जोडलेल्या तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे पुरते सांधायला तिसरं ते सहावं वर्ष उजाडतं. बाळानं मान धरली म्हणजे स्नायूंना ताकद आली. हाडं अजून तयार व्हायचीच असतात. तोंड पुढे करून बसवलेल्या मुलाची छाती पट्ट्यांनी जागेवर राहते, पण डोकं तसंच पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. लहान बाळाच्या कण्याचे मणके आणि बंध बरेच ताणले जाऊ शकतात, आतला मज्जारज्जू मात्र तेवढा ताणला जात नाही. तो तुटला की मी किंवा दुसरा कुठलाही डॉक्टर तो जोडू शकत नाही.

पाठ पुढे असली की तोच धक्का डोकं, मान, पाठ, कंबर असा सगळीकडे पसरतो आणि सीटचं कवच तो झेलतं. तुमचा मानेखालचा हात जे करतो तेच ते कवच करतं, फक्त त्याच्यात १४० किलो झेलायची ताकद असते.

ही कल्पना स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन नावाच्या प्राध्यापकांना सुचली. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर आडवे असायचे, म्हणजे जोर सगळ्या पाठीवर वाटला जाई. ते पाहून त्यांनी मुलांसाठी उलटी सीट आखली आणि १९६४ साली व्होल्वोच्या गाडीत तिची चाचणी झाली. स्वीडनमध्ये मुलं चार वर्षांची होईपर्यंत अशी बसतात. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना आधी दोन वर्षांपर्यंत म्हणायची. २०१८ पासून ती म्हणते की सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसेल तोवर उलटंच बसवा. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच सीटवर उलटं बसवण्याची मर्यादा १३ किलो लिहिलेली असते, काहींवर १८. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दोन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन साडेअकरा किलो आहे, मुलाचं सव्वाबारा. म्हणजे वजनाच्या हिशेबानं तेरा किलोचीसुद्धा सीट बहुतेकांना दुसऱ्या वाढदिवसापर्यंत पुरते. वर्षाचा वाढदिवस झाला म्हणून सीट फिरवू नका. डोक्याचा माथा आणि कवचाची वरची कड यांत अडीच सेंटीमीटर उरलेत का, ते बघा.

पाय दुमडले तर दुमडू देत. मुलं घरी जमिनीवरही मांडी घालूनच बसतात.

एक गोष्ट मात्र जिवाची आहे. उलटी सीट पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, कधीही लावायची नाही. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते आणि ती थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. गाडीच्या सन व्हायजरवर त्याचं चित्र असतं, आज घरी जाताना बघा. बाळाची जागा मागे, आणि मोठं माणूस त्याच्या शेजारी.

आपल्या घरांमधला सगळ्यात धोक्याचा प्रवास कुठला, सांगू? पहिलं बाळंतपण माहेरी. तीन-सव्वातीन महिने झाले की बाळबाळंतीण सासरी निघतात. नाशिकहून ठाणं, कोल्हापूरहून नेरूळ. द्रुतगती मार्ग, शंभराचा वेग, गाडीत सगळी आनंदात, आणि बाळ जेमतेम मान धरू लागलेलं, आजीच्या मांडीवर कुंचीत गुंडाळलेलं. माझी विनंती आहे, बाळंतविड्यात चांदीची वाटी द्याच, पण कुंच्या-दुपट्यांचे चार जोड कमी करा आणि त्या पैशांत सगळ्यांनी मिळून सीट घ्या. दुपटं पट्ट्याच्या आत नको. बाळाला साध्या कपड्यांत बसवा, पट्टे आवळा, मग वरून दुपटं पांघरा. पाजायचं असेल तर गाडी थांबवा, फूड मॉलवर दहा मिनिटं जास्त गेली तर जाऊ देत. आणि घरी पोचल्यावर झोपलेलं बाळ सीटमध्येच ठेवू नका. मान पुढे कलून श्वास अडू शकतो. उचलून पाळण्यात ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बाल-आसनाशिवाय गाडीत असेल तर हजार रुपये दंड. मला स्वतःला दंडाची भीती घालून काही सांगावंसं वाटत नाही.

मघाशी मागून एका आजोबांनी विचारलं, आमच्याकडे गाडी नाही, रिक्षा आणि टॅक्सी, आम्ही काय करायचं? प्रश्न अगदी रास्त आहे. रिक्षात सीट बसत नाही, त्यामुळे तिथे मी सुरक्षित असं काही सांगू शकत नाही. हमरस्ता टाळा, आतल्या रस्त्यानं जा, बाळंतीण मधोमध बसू दे. टॅक्सीत मात्र हँडलवाली छोटी सीट नेता येते. ती गाडीच्या तीन टोकांच्या पट्ट्यानंही बसते, त्यासाठी आयसोफिक्सच, म्हणजे सीट अडकवायला गाडीतच बसवलेल्या कड्या, लागतं असं नाही. सवय झाली की दोन-तीन मिनिटांचं काम आहे. ड्रायव्हरदादांना आधी फोनवर सांगून ठेवा, बहुतेक जण थांबतात. आणि सीट दुसऱ्याची वापरलेली घेत असाल तर फक्त ओळखीच्या घरातली, अपघात न पाहिलेली आणि मुदत न संपलेली घ्या. मुदत बहुतेकदा सीटवरच छापलेली असते.

आता आपण खाली पार्किंगमध्ये जाऊ. तिथे दोन गाड्यांत सीट लावून ठेवल्या आहेत. पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवायची, अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बसवायची. मग खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून बघायचा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. ज्यांच्या घरी सीट आहे त्यांनी आपापली गाडी रांगेत आणा, प्रत्येक सीट मी बघणार आहे. आणि आजी, तुम्ही पुढे या, पहिला पट्टा तुम्ही आवळायचा.